बटणं काढलेले शर्ट

आमच्या चर्चच्या बेघर निवाऱ्यात दानाचे कपडे येतात. दर मंगळवारी मी ते शिवायला बसते. कपडे धुतलेले असतात, धड असतात; पण कितीतरी शर्टांची बटणं देणाऱ्यांनी कापून घेतलेली असतात. बटणं पुढे कामाला येतात ना. शर्ट द्यायचा, पण अंगावर बंद होणार नाही असा द्यायचा. यालाही आपण दानच म्हणतो.

परवा निवाऱ्यातला शंकर तसाच एक पांढरा शर्ट घेऊन आला. त्याला एका सोसायटीत वॉचमनच्या कामासाठी बोलावलं होतं.

"आजी, छाती उघडी टाकून गेलो तर गेटवरूनच हाकलतील."

"दाढी केली नाहीस तरी हाकलतील," मी म्हणाले.

मिळाली तशी बटणं लावून दिली. तो दाढी करून, शर्ट घालून आला, तेव्हा दिसलं की गळ्याचं राहिलंय. उशीर होत होता, म्हणून अंगावरच लावायला घेतलं. अंगावरचं कापड शिवताना ते घातलेल्या माणसाने दातात दोरा धरायचा असतो, नाहीतर अशुभ म्हणतात. मी सांगायच्या आधीच शंकरने रिळाचा दोरा तोडून दातात धरला.

म्हणजे कधीतरी, कुणाच्या तरी घरात, यालाही उभं करून कुणीतरी बटण लावलं होतं. रस्त्यावरचा माणूस रस्त्यावरच उगवला, असं आपण धरून चालतो.

गळ्याच्या बटणाला मी दोऱ्याचे वेढे जास्त घेतले. तिकडे कामावर बटण तुटलं, तर लावून द्यायला त्याला कुणी नाही.