बाई आणि उसाचा चोथा

पाढे चुकले तर आमच्या बाई हसायच्या, पण वर्गात उसाचा चोथा दिसला की त्यांचा आवाज चिरकायचा. "हे कुणाचं?" एवढंच विचारायच्या. कुणी उठेपर्यंत पुढचा धडा नाही. देवळाली प्रवऱ्यात चौफेर ऊस. प्रत्येक पोर वाटेतल्या शेतातून कांडं मोडूनच शाळेत यायचं. त्या वर्षी आमचे धडे फार मागे राहिले.

बाई नगरहून आलेल्या, एकट्या राहायच्या. त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. सगळ्या गावाच्या त्या नुसत्या बाई. त्यांनी शाळेमागं आमच्याकडून खड्डा खणून घेतला. केर त्यात टाकायचा, वर माती लोटायची. आधी आम्ही धाकानं टाकायचो, मग सवयीनं. पण शाळेचं फाटक ओलांडलं की तोंडातला चोथा थेट रस्त्यावर. बाई मागून बघत कपाळाला हात लावायच्या. "मी दिवसभर शिकवते आणि घर संध्याकाळी पुसून टाकतं," म्हणायच्या.

शेवटी त्या घरोघर फिरल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा आई अंगणातला केर बोळात लोटत होती.

"वहिनी, तो उकिरड्यात टाकला तर?"

"उकिरडा लांब हाय, बाई. आन् माझं अंगन बगा की, कसं आरशावानी हाय!"

"पण शांता त्या बोळातूनच शाळेला येते ना?"

आई हसली आणि चहा ठेवायला आत गेली. बाई चहा न घेताच गेल्या. आईला ते फार लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडी तपासणीला साहेब येणार होते. खड्ड्याचा वास येतो, म्हणून हेडमास्तरांनी त्यातला सगळा केर उपसून ओढ्यात टाकायला आणि खड्डा बुजवायला सांगितलं. दुष्काळाचं साल, विहिरींनी तळ गाठलेला. त्याच ओढ्यात झिरे खणून बायका वाटीवाटीनं पाणी भरत होत्या.

बाई आमच्या टोपल्यांपुढं आडव्या उभ्या राहिल्या. "सर, निदान मुलांच्या हातानं तरी नको."

"मुलांसमोर मला शिकवू नका," हेडमास्तर म्हणाले.

आम्ही आळीपाळीनं दोघांची तोंडं पाहिली आणि टोपल्या उचलल्या. मोठ्यांचं ऐकायचं, हेही शाळेनंच शिकवलं होतं. साहेबांनी शाळेच्या स्वच्छतेचं कौतुक केलं. पुढच्याच महिन्यात बाईंची बदली पाथर्डीकडे झाली.

निरोप द्यायला आई स्वतः एसटी स्टँडवर आली. रागावली असली तरी बाईंवर तिचा जीव होता. भाजलेल्या शेंगा तिनं फडक्यात बांधून आणल्या होत्या. गाडीला उशीर होता. दोघी बाकावर बसून शेंगा खात राहिल्या. बाई टरफलं पदरात ठेवत होत्या. आई एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं टरफलं बाकाखाली टाकत होती.

बाईंनी ते पाहिलं. मग रस्त्याकडे बघत राहिल्या.

मला ते सहन होईना. मी वाकून टरफलं गोळा करायला लागले, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं शांते, झाडनारा येतोय की मागनं."