कुरडयांचा राखणदार

सांगलीच्या एका बाईंनी, ज्यांचं तोंडही मी कधी पाहिलं नाही, माझी खोली वाचवली, हे आधी सांगतो. कुरडया तळल्याचा वास आला की त्याच आठवतात. सातवीत शाळा सोडून मी कोकणातून बदनापूरला वेल्डिंगच्या कामाला आलो होतो. सुट्टीला आसपासची गावं हिंडायची, बैल, हंडे, वाळवणं असलं काहीबाही छोट्या कॅमेऱ्यात टिपायचं आणि कॅफेत जाऊन इंटरनेटवरच्या फोटोवाल्यांच्या मंडळात टाकायचं, एवढीच चैन. त्या उन्हाळ्यात घरमालकीण मावशींच्या बाजेवरच्या निम्म्या ओल्या कुरडया गायब झाल्या. मावशी माझ्यावर कडाडल्या, "हे तर डोळ्यात तेल घालून बसले व्हते. मंग तूच खाल्ल्या ना रे? उद्याच्या उद्या खोली खाली कर!" राखणीला बसलेले त्यांचे यजमान, काका, गंभीरपणे म्हणाले, "बराबर. माझा डोळा बिलकुल लागला न्हाई." परमुलखात जायचं कुठं? रडवेला होऊन कॅफेत बसलो, तर त्याच बाजेच्या, त्या दुपारीच टिपून मंडळात टाकलेल्या माझ्या फोटोखाली सांगलीच्या बाईंनी लिहिलं होतं, "कुरडया सुरेख! पण राखणदार घोरतोय आणि मागं शेळी जेवतेय." माझं सगळं ध्यान कुरडयांच्या जाळीकडे, मला ना काका दिसले होते ना शेळी. छापून आणलेला फोटो मावशींनी बराच वेळ पाहिला. "आता शेळीला बसवते राखणीला," त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही खुंट्याला ऱ्हावा!" आणि मला ताटभर कुरडया तळून दिल्या. हल्ली आमच्या घरची वाळवणं मीच राखतो. एकदा त्या बाईंना शोधून कुरडयांचा डबा सांगलीला पोचवणार आहे, फक्त तोवर मला जागं राहता आलं पाहिजे.