भिंतीवरची नावं

देशभरातले किल्ले आणि लेणी टिपायला मी तीन आठवडे गाडीनं फिरलो, आणि खंडाळ्याच्या या ड्रायव्हरमुळे जागोजागी माझं ऊन हुकलं. ट्रायपॉड लावून मी तासभर थांबायचो, हवा तसा उजेड पडायचा आणि नेमका तेव्हाच हा फ्रेममध्ये शिरायचा. कुणी भिंतीवर नाव कोरताना दिसलं की याला राहवायचंच नाही. राजस्थानात काय, कर्नाटकात काय, मोडक्या हिंदीत भांडत बसायचा. वर गाडीत बसताना मलाच विचारायचा, "सायेब, लय उशीर झाला का?"

शेवटचा टप्पा भाज्याच्या लेण्यांचा होता. मावळतीचं ऊन लेण्यात शिरलं, तेवढ्यात एक जोडपं किल्लीनं खांब खरवडू लागलं. हा धावलाच.

मी ओरडलो, "भाऊ, सरका आधी! पहारा द्यायला आणलंय का तुम्हाला?"

तो त्या जोडप्यातल्या मुलाला हाताला धरून शेजारच्या खोलीत घेऊन गेला. मी चिडून मागोमाग गेलो.

"ह्ये नाव वाच," तो भिंतीकडे बोट दाखवत त्याला म्हणाला. "ह्यो मीच. तुज्याएवढा व्हतो तवा." मग त्याचा आवाज उतरला. "माजी पोरगी म्हनती, अब्बा, लेणी दाखवा. तिला वाचता यायला लागल्यापास्नं मी तिला हितं आनली न्हाई."

मुलानं किल्ली खिशात टाकली आणि ते जोडपं निघून गेलं. मी ट्रायपॉडपाशी परतलो, तोवर खांबांवरचं ऊन गेलं होतं. चरफडत कॅमेरा पिशवीत भरला. खोलीत डोकावून पाहिलं, तर तो अजून त्या भिंतीपाशीच उभा राहून अंगठ्यानं अक्षरं घासत होता. मी त्याला हाक मारली नाही.