वडिलांच्या कानाचं मशीन

घराचं कर्ज लवकर फिटावं म्हणून मी दर महिन्याला हप्त्यावर थोडे जादा पैसे भरायचो. त्याच काळात वडिलांना कमी ऐकू यायला लागलं. मी कानाच्या मशीनचा विषय काढला, तर म्हणाले, "आधी कर्ज फेड. मला ऐकाय येतंय की." ते खोटं आहे हे मला कळत होतं, पण सोयीचं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

कर्ज चार वर्षं आधीच फिटलं. मग त्यांना कोल्हापुरात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात. मशीननं आवाज येईल, पण शब्द कळणार नाहीत."

"काय म्हणालं रं?" वडिलांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "वय झालंय म्हणत्यात!"

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मला त्यांच्याकडं बघवेना.