रिलीव्हर आल्याशिवाय

गळ्यात शिट्टी आली की किस्से आपोआप जमायला लागतात. बारा वर्षं मी आमच्या कॉलेजात फुटबॉल शिकवतोय, तेही दरवर्षी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. बाराव्या महिन्यात मी कागदोपत्री कोच नसतो, किस्से मात्र त्याही महिन्यात घडतात. कप फारसे मिळाले नाहीत, त्यामुळे कपाटात जागाच जागा आहे. तिथे हेच ठेवलेत.

मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला आमचं ग्राउंड आहे. गवत नाही, खडी भरपूर. गेल्या वर्षी त्याचं पार्किंग व्हायचं ठरलं होतं. ते कुठे अडलं ते शेवटी सांगतो.

*

गजानन आमचा मिडफिल्डर, मूळचा परभणीचा. सकाळी कॉलेज आणि दुपारी चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी. एका मॅचमध्ये दमला म्हणून मी त्याला बदलायला काढलं. गडी रेषेपर्यंत आला आणि आतच थांबला.

रेफरी म्हणाला, "बाहेर हो, मग दुसरा आत येईल."

गजानन म्हणाला, "तो आत येऊ द्या, मग मी बाहेर होतो."

रेफरीला नियम माहीत, गजाननला कंपनी माहीत. दोन मिनिटं खेळ थांबला आणि शेवटी यलो कार्ड निघालं. मी झापायला गेलो तर हा शांतपणे म्हणाला, "सर, पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आल्याबिगर मशीन सोडायची नसती."

*

गोलपोस्टसाठी तीन वर्षं अर्ज केले. फाइल फिरत राहिली. शेवटी आमचा गोलकीपर बाळू म्हणाला, "सर, ऱ्हाऊ द्या. आमी करतो." बाळू चिखलीचा, तिथल्याच जुन्या घरातला. त्याच्या चुलत्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पोरांनी पाइप कापले, वेल्डिंग मारलं, रंग दिला आणि टेम्पोतून पोस्ट आणून उभे केले.

उद्घाटनाला प्राचार्य आले. मान तिरकी करून म्हणाले, "वाकडा दिसतोय."

बाळूने खिशातून लेव्हल काढून वरच्या पाइपवर धरली. बुडबुडा बरोबर मध्ये. "पोस्ट ओके हाय, सर. ग्राउंड रिजेक्ट हाय."

*

एकदा पाच गोल खाऊन हरलो. मी पोरांना वर्गात बसवलं आणि विचारलं, चूक कोणाची? मग गजानन उठला. कंपनीत पार्ट बिघडला की पाच वेळा 'का' विचारतात, तसं त्याने फळ्यावर लिहायला घेतलं.

गोल का झाले? डिफेन्स फुटला म्हणून. का फुटला? पोरं जागा सोडून पळाली म्हणून. का पळाली? घाबरली म्हणून. का घाबरली?

इथे तो थांबला. माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, "सर ओरडत होते."

पाचवा 'का' त्याने विचारला नाही. मला खरंच लागलं. घरी जाऊन मी तो स्वतःला विचारला, आणि उत्तर असं होतं की सगळ्यांत जास्त मीच घाबरलो होतो. त्या दिवसापासून मी ओरडतो, पण मॅच संपल्यावर.

*

पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजशी मॅच होती. ते एसी बसने आले. आमचे आठ जण वेळेवर पोचले आणि तिघे चाकण चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. आठांनीच सुरुवात केली. वीस मिनिटांनी ते तिघे टेम्पो सोडून, बूट घालून, पळत पळत आले.

त्यांचा कोच चांगला माणूस. म्हणाला, "अहो, आधी वॉर्म-अप तरी करू द्या त्यांना."

बाळू गोलमधून ओरडला, "चार किलोमीटर झाला, सर!"

दोन-एकने हरलो. त्यांच्या पोरांनी आम्हाला 'कंपनीवाले' म्हणून चिडवलं. पुढच्या आठवड्यात आमच्या पोरांनी जर्सीच्या पाठीवर तेच छापून घेतलं.

*

आता पार्किंग. प्राचार्यांनी मला बोलावलं. "गाड्या वाढल्यात हो. आणि फुटबॉलने प्लेसमेंट मिळतं का?"

"पार्किंगने मिळतं का, सर?"

हे बोलायला नको होतं, कारण माझ्या ऑर्डरीचे अकरा महिने संपत आले होते. पण बोललो, आणि बरं वाटलं. प्राचार्यांनी माझ्यासमोरच ठेकेदाराला पत्र काढलं: सोमवारपासून काम सुरू करावे. मात्र सुरक्षेसाठी, मैदानावर खेळाडू नसतील तेव्हाच रोलर फिरवावा.

ते पत्र मी पोरांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

रविवारी पोरांनी शिफ्टचा तक्ता केला. कोण किती वाजता ग्राउंडवर आणि कोणाचा रिलीव्हर कोण. खाली मी सही केली. बारा वर्षांत इतकी मजा कधी आली नव्हती.

सोमवारी रोलर आला आणि उभा राहिला. मंगळवारी उभा, बुधवारीही उभाच. त्यावर बसून ड्रायव्हर दिवसभर मॅच बघायचा. पन्नाशीचा, मावळातला माणूस.

गुरुवारी दुपारी बाकीचे प्रॅक्टिकलला होते. ग्राउंडवर एकटा गजानन. पावणेदोनला त्याला सोडवायला बाळू येणार होता, तो मोशीच्या चौकात अडकला. दोन वाजले. गेटवर कंपनीची बस हॉर्न मारायला लागली. त्या महिन्यात गजाननचा एक खाडा आधीच झाला होता, दुसरा झाला की ट्रेनिंग बंद. तो बॉलवर पाय ठेवून उभाच.

"जा रे, बस सुटेल!" मी ओरडलो.

"रिलीव्हर, सर."

मी रेषेच्या आत पाऊल टाकलं. प्राचार्य येऊन उभेच होते. म्हणाले, "तुम्ही खेळाडू नाही, कोच आहात. पत्रात स्पष्ट आहे." मग ड्रायव्हरकडे वळले, "पोरगा गेला की लगेच सुरू करा."

बसचा तिसरा हॉर्न झाला. ड्रायव्हर रोलरवरून उतरला. किल्ली काढून प्राचार्यांच्या हातात ठेवली. "धरा जरा." रेषेवर चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गजाननपाशी जाऊन त्याच्या हातावर टाळी दिली.

"जा तू. मी हाय."

गजाननने बॉल ड्रायव्हरच्या पायाशी सरकवला. "डाव्या कोपऱ्यात खड्डा आहे, काका. बघून," म्हणाला आणि बसकडे पळत सुटला.