नवऱ्याला भेटायला जाण्याचा खर्च

नोकरी सोडून मी स्वतंत्रपणे कंत्राटी कामं घ्यायला लागले आणि पहिलंच काम मिळालं ते चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैचं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आणि त्यात वेल्डिंग करणारे रोबो. हात कुठे न्यायचा, कोपर किती वळवायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची हे त्या रोबोंना शिकवणं हा माझा धंदा. काम तीन महिन्यांचं म्हणून मी पुण्याहून एक बॅग घेऊन आले. कारखान्याजवळच्या एका गेस्टहाऊसमध्ये खोली घेतली. दर शुक्रवारी संध्याकाळी विमानानं पुणे, सोमवारी पहाटेच्या विमानानं परत. नवरा पुण्यात, शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारा. भेटलो की दोन दिवस आम्ही एकमेकांना सोडायचो नाही.

तीन महिन्यांचे सहा झाले, मग वर्ष उलटलं. काम वाढतच गेलं आणि मला ते मनापासून आवडत होतं. आपण लिहिलेल्या ओळीबरहुकूम माणसापेक्षा उंच यंत्र झुकतं, थांबतं आणि बरोबर जागेवर टाका घालतं, हे बघताना दर वेळी मी स्वतःशीच हसायचे.

गेस्टहाऊसमध्ये सकाळी पोंगल आणि कॉफीच्या टेबलावर आम्ही सगळे कंत्राटीच. कुणी रंगकामाच्या भट्टीचा जाणकार, कुणी कन्व्हेयर बसवणारा. यंत्रांवर बोलणं संपलं की गाडी हटकून एकाच विषयावर यायची: प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च करातून किती दिवस वजा करता येतो? ज्याचा त्याचा नियम वेगळा. कोइमतूरचे एक गृहस्थ ठासून सांगायचे, "सहा महिने. त्यानंतर एक रुपया धरत नाहीत." दुसरा म्हणायचा, "मध्ये महिनाभर घरी जाऊन यायचं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून." तिसरा दर दोन महिन्यांनी हॉटेल बदलायचा. एका जागी राहिलं की मुक्काम कायमचा दिसतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बिचारा सारखा बॅगा भरत असायचा.

माझं विवरणपत्र भरायचे दिवस जवळ आले होते. स्वतंत्र झाल्यानंतरचं ते पहिलंच, आणि ढीगभर विमानाची तिकिटं फोनमध्ये साठलेली. पुण्यातल्या ओळखीच्या सल्लागाराला विचारलं, तर तो म्हणाला, "सगळं घालून टाकू. विचारलं तर बघू." मला ते 'बघू' काही झेपेना. शेवटी भट्टीवाल्यानं क्रोमपेटच्या एका बाई सीएचं नाव सुचवलं. विमानतळाच्या वाटेवरच. शुक्रवारी जाता जाता भेटून जाईन म्हणून मी वेळ घेतली.

त्याच शुक्रवारी सकाळी कारखान्याच्या प्रमुखांनी मला बोलावलं. शेजारच्या शेडमध्ये दुसरी लाइन उभी राहणार होती, पहिलीच्या दुप्पट मोठी. "आराखड्यापासून तुम्हीच करा. नंतर दोन्ही लाइनींची देखभालही," ते म्हणाले. म्हणजे निदान दोन वर्षं, कदाचित जास्तच. मी "सोमवारी सांगते" एवढंच म्हटलं, पण शेडच्या बाहेर आल्यावर कुणी बघत नाही असं पाहून एक उडी मारून घेतली.

क्रोमपेटचं ऑफिस भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. साठीच्या आसपासच्या, हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या बाई. ऑफिसात सगळे त्यांना अक्का म्हणत. आम्ही इंग्रजीत सुरुवात केली. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान एवढं खाली गेलं की खिडकीची तावदानं थरथरली, आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं बाई!"

अक्का चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू मराठी की?"

मी खुर्चीतून अर्धी उठलेच. "तुम्हीपण?"

"आम्ही तंजावरचे, मा. पुणं मी एकदाच पाहिलंय. तिथं माझी मराठी ऐकून रिक्षावाला हसला."

त्या मराठीला तमिळचा हेल होता, 'पोरी' म्हणावं तसं 'मा' होतं आणि शब्द शिळाछापाच्या पोथीतून उठून आल्यासारखे. ती बोली जशीच्या तशी मला लिहिता येणार नाही. 'करते आहेस'ला त्या 'करून घेत आहेस' म्हणायच्या. त्यांनी विचारलं, "वर्षभर तू इथंच काम करून घेत आहेस?" मी गडबडीनं म्हटलं, "नाही हो, मीच करते!" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की आतून एक मुलगी काय झालं म्हणून बघायला आली.

हसणं ओसरल्यावर मी गेस्टहाऊसच्या टेबलावरचे सगळे नियम त्यांना ऐकवले. सहा महिने, मधली सुट्टी, हॉटेल बदलणं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आपल्या कायद्यात तुझ्यासारख्यांसाठी महिन्यांची अशी रेघ नाही," त्या म्हणाल्या. "दोन वाटा आहेत. तुझी वर्षाची जमा ठरलेल्या मर्यादेत असेल, तर निम्मी रक्कम नफा धर, तेवढ्यावर कर भर आणि मोकळी हो. मग तिकिटं, हॉटेल वेगळं काही मागायचं नाही. किंवा हिशेब ठेव आणि खरा खर्च दाखव. पण मग एकेक खर्च धंद्यासाठीच होता, घरासाठी नव्हता, हे सांगता आलं पाहिजे."

"माझे तर सगळे धंद्याचेच आहेत. काम इथं आहे म्हणून तर येते."

"पहिल्या दिवसांत होते. तू पुण्याची, तीन महिन्यांसाठी आलीस. ती तिकिटं, ती खोली, मी छाती ठोकून दाखवीन. पण आता? दर शुक्रवारी पुण्याला कोणतं काम असतं?"

खरं तर काहीच काम नसायचं.

"नवरा असतो," मी म्हणाले.

"नवऱ्याला भेटायला जाणं चांगलंच आहे, मा. पण तो धंद्याचा खर्च नव्हे." त्यांनी पुढे विचारलं, "आणि पुढे किती दिवस राहणार?"

मी त्यांना सकाळची बातमी सांगितली. दुसरी लाइन, दुप्पट रोबो, आराखड्यापासून माझं काम. सांगता सांगता माझे हात रोबोंसारखे हवेत फिरायला लागले. अक्का ऐकत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "हे तू पाहुणीसारखं सांगत नाहीयेस. तुझं घर कुठं आहे, हा प्रश्न अधिकारी विचारायच्या आधी तूच स्वतःला विचार. उत्तर मिळालं की हिशेब मी दहा मिनिटांत करते."

बाहेर विमानतळाकडे जाणारी टॅक्सी उभी होती. मी खाली उतरले, दार उघडलं, आणि बंद केलं. ड्रायव्हरला तेवढ्या फेरीचे पैसे दिले, परत पाठवलं आणि फुटपाथवरूनच नवऱ्याला फोन लावला.

"मी आज येत नाहीये."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"एकदम मस्त आहे. तू ये. उद्या सकाळच्या विमानानं. खूप मोठी गोष्ट विचारायची आहे."

"फोनवर विचार की."

"नाही. समोर बसून."

दुसऱ्या दिवशी तो आला तो स्केचबुक काखेत मारूनच. आम्ही बसनं कोवलमला गेलो; केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं कोळ्यांचं गाव. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, वाळूवरच मासळीचा लिलाव चालला होता, बायका मोठ्यानं भाव पुकारत होत्या आणि कावळ्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. नवऱ्यानं बसल्या बसल्या एका निळ्या होडीचं चित्र सुरू केलं. कसं बोलावं हे मला सुचेना, म्हणून मी करापासून सुरुवात केली. निम्मा नफा, महिन्यांची रेघ, धंद्याचा खर्च आणि घरचा खर्च.

तो हात थांबवून म्हणाला, "तू मला हे सांगायला बोलावलंस?"

"नाही. आपण इथे राहायला येऊया का?"

त्यानं पेन्सिल कानामागे खोवली. "मी कधीपासून वाट बघतोय तू हे विचारशील म्हणून. मला काय, कागद आणि खिडकी असली की झालं. पण दर सोमवारी तू जाताना इतकी खुशीत असायचीस, मला वाटायचं तुला एकटीलाच तिथे राहायचंय."

"वेडा आहेस का?" मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की मासे विकणारी एक बाई वळून बघायला लागली आणि आम्ही जोडपं आहोत हे ओळखून तिनं सुरमईचा भाव पाडला.

सोमवारी मी कारखान्याला हो सांगितलं. अक्कांनी विवरणपत्र केलं. पहिल्या मुक्कामाचा प्रवास आणि खोली ठेवली, त्यानंतरची शुक्रवारची विमानं काढून टाकली. कर थोडा जास्त बसला, पण सही करताना मला 'विचारलं तर बघू'ची धाकधूक नव्हती. क्रोमपेटलाच, अक्कांच्या ऑफिसपासून चालत जाता येईल असं घर मिळालं. त्याचं भाडं आमच्या घराचं भाडं, आम्हीच भरायचं. नवऱ्यानं गच्चीवर टेबल टाकलं. विमानं डोक्यावरून गेली की तो त्यांच्या पोटाची चित्रं काढतो.

दुसरी लाइन सुरू झाली त्या दिवशी मी त्याला शेडमध्ये घेऊन गेले. सोळा रोबो एकदम वाकले, आणि तो लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला. सगळे कामगारही मग वाजवायला लागले.

त्यानंतर एकदा पुण्याच्याच एका कारखान्यानं दोन आठवड्यांसाठी बोलावलं. मी अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता ते विमान धंद्याचं. हॉटेलही. खुशाल घाल."

पुण्यातल्या माझ्या बहिणीला हे कळल्यावर ती खवळली. "स्वतःच्या गावात हॉटेलात राहणार? लोक काय म्हणतील?"

"अगं, कारखान्याच्या शेजारी आहे. रोज रात्री जेवायला तुझ्याकडेच येणार."

"मग बॅगही इकडेच आण," ती म्हणाली, आणि पहिल्या रात्री तिनं माझ्यासाठी पुरणपोळ्या केल्या. मी सगळ्यांना रोबोंचे व्हिडिओ दाखवले, अक्कांच्या मराठीची नक्कल करून दाखवली, आणि भाच्यांना चेन्नईला यायचं आमंत्रण देऊन टाकलं. मे महिन्यात ते येणार आहेत, समुद्र बघायला.