रुमालाखालचा भाव

यवतला बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात सगळ्यात जास्त बोलतो तो काउंटरवरचा पेमेंटचा बॉक्स. त्याच्या खालोखाल माझे वडील. माझा नंबर शेवटचा.

दुकान जनावरांच्या सामानाचं. पेंड, भुसा, कासरे, वेसणी, घुंगुरमाळा. कॉलेज संपल्यापासून बिलिंग मी बघते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी इथल्या माणसांपुढं इस्त्री करून आणल्यासारखं निघतं. सुरुवातीला कुणीतरी मला विचारलं, "मॅडम, इंग्लिश मीडियमची म्हैस दूध जास्त देती का?" सगळे हसले. मला वाईट वाटावं असा कुणाचाच हेतू नव्हता, आणि वाटलंही नाही. पण तेव्हापासून मी बोलायचं ते बिलापुरतं ठेवलं. बघायला मात्र कुणी हरकत घेत नाही.

बघण्यासारखं खूप असतं. दुकानासमोर लिंबाची सावली आहे आणि तिथं मोठे सौदे होतात. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, हातावर टॉवेल टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरतात. कोणतं बोट, किती बोटं, कुठं दाबलं, त्यावर भाव ठरतो. तोंडं मात्र भलतंच बोलत असतात. "पाऊसपाणी काय म्हंतंय तुमच्याकडं?" असं विचारत एक जण पाच हजारांनी खाली येतो. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो.

लहानपणी मला हा प्रकार मागासलेला वाटायचा. शाळेत आम्हाला पारदर्शकतेवर निबंध असायचे. सगळं उघड असलं की सगळं चांगलं, असा त्यांचा मथितार्थ. काउंटरवर बसायला लागल्यावर लक्षात आलं की ज्याला नड आहे म्हणून स्वस्तात विकावं लागतं, त्यालाही त्या टॉवेलखाली तेवढीच जागा मिळते. घरी जाताना तो गावाला काय सांगायचं ते ठरवू शकतो. मला स्वतःला चार गोष्टी मनात ठेवायची सवय असल्यामुळे असेल, पण मला तो टॉवेल आवडायला लागला.

बॉक्स आला तो एका फसवणुकीनंतर. एकानं पेंडीची पोती भरून घेतली, मोबाईलवर पैसे पाठवल्याचं चित्र दाखवलं आणि गाडी काढली. पैसे आलेच नव्हते. चित्र बनावट होतं. वडिलांना पैशापेक्षा त्या माणसानं जाताना "येतो काका" म्हटल्याचं जास्त लागलं. मग बॉक्स आणला आणि नियम केला: तो बोलल्याशिवाय माल उचलायचा नाही. आता तो दिवसभर रकमा ओरडत असतो. इतका, की तो बोलतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या एका बाजारी केंदूरचे आबा आले. आमचं मूळ गाव कवठे येमाई, त्यामुळे शिरूरकडची माणसं दुकानात हक्कानं येतात, पाणी मागत नाहीत, माठातून घेतात. आबांबरोबर त्यांचा मुलगा होता आणि पिकअपमध्ये त्यांचा खिलार बैल.

बैल मी ओळखत होते. शर्यतीचा बैल होता, आणि त्याच्या नावानं इन्स्टाग्रामवर पान होतं. ते मुलगा चालवायचा. कंपनीतली शिफ्ट संपवून यायचा आणि बैलाला धुताना, चालवताना, शर्यतीच्या घाटात पळताना व्हिडिओ टाकायचा. मी ते पान बघायचे. फॉलो मात्र केलं नव्हतं, कारण फॉलो केलं की समोरच्याला कळतं. त्या जगात टॉवेल नाही. बैल विकला की भाव मोठ्या अक्षरांत टाकतात, वर हलगी वाजते आणि खाली लोक आगीची चित्रं टाकतात. जेवढा आकडा मोठा तेवढं घराण्याचं नाव मोठं.

मुलगा बाहेर बैलाजवळ शेवटचा व्हिडिओ काढत होता. आबा आत येऊन वडिलांजवळ टेकले.

"एक काम हुतं तुमच्याकडं. गिऱ्हाईक तुमच्या स्कॅनरवर पैसं मारंल. मला कॅश द्या."

बाजारी असं बरेच जण करतात. वडील म्हणाले, "देतो की. पन खात्यावर का घेत न्हाई आबा? एवढी रक्कम घिऊन फिरायचं."

आबांनी दाराकडं बघितलं. "खात्याला नंबर पोराचा हाय. पैसं आलं की त्याच्या मोबाईलला टुंग वाजतं."

"मग वाजू द्या की."

मग आबांनी सगळं सांगितलं. खेडच्या बाजूच्या एका गाडामालकानं बैलाला चार लाख लावले होते. मुलगा खूश होता. पण त्या मालकाच्या गोठ्यात आबा एकदा जाऊन आले होते. तिथं बैलांना पळवायला बॅटरीचा चटका देतात, आणि बैल जरा मागं पडला की पुढच्या महिन्यात तो कुठं गेला हे कुणी विचारत नाही. "माझा आता मागंच पडनार," आबा म्हणाले. "पुढचा डावा पाय धरतो जरा. त्यांना म्हाईत न्हाई. मी सांगितलं आसतं, तर पोरगं म्हनलं आसतं, आपन कशाला सांगायचं?"

म्हणून त्यांनी दौंडकडच्या एका जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याला बोलावलं होतं. त्याच्या जोडीतला एक बैल गेला होता. आबांचा आधीचा एक बैल त्यानं म्हातारा होऊन मरेपर्यंत सांभाळला होता आणि बांधाला पुरला होता. त्याच्याकडून चार लाखांची अपेक्षाच नव्हती.

"पोराला काय सांगितलंय?" वडिलांनी विचारलं.

"ह्यो बी चार लाखच देतोय म्हनून."

वडिलांनी नुसती मान हलवली. मी बिलाकडं बघत राहिले.

थोड्या वेळानं तो शेतकरी आला. पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी. सगळे त्याला चाचा म्हणत होते. त्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, पुढचा डावा पाय उचलून बघितला, खाली ठेवला आणि आबांना म्हणाला, "ह्यो पाय."

"व्हय. त्योच पाय."

"चालतंय. मला कुठं घाटात पळवायचाय?"

मग दोघं लिंबाखाली गेले आणि टॉवेल टाकला. मुलगा मोबाईल धरून लांब उभा राहिला. जुन्या रिवाजाप्रमाणं बाप हात देत असताना त्यानं मध्ये यायचं नाही, हे त्याला माहीत होतं. टॉवेलखाली बराच वेळ काही हललं नाही. चाचा म्हणाले, "आबा, नात चालायला लागली का?" आबा म्हणाले, "पळती आता." टॉवेल बाजूला झाला. दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली. सौदा झाला.

चाचा दुकानात आले आणि काउंटरवरच्या काचेला चिकटवलेल्या स्टिकरवर मोबाईल धरला. आबा शेजारी उभे राहिले. सगळी काळजी घेऊन झाली होती. मुलाला मेसेज जाणार नव्हता, भाव कुणी ऐकला नव्हता, वडिलांनी गल्ल्यातल्या नोटा काढायला घेतल्या होत्या. त्याच वेळी मुलगा मोबाईल चार्जिंगला लावायला आत आला. मला बॉक्स आठवला. मी हात पुढं केला, पण बटण त्याच्या मागच्या बाजूला आहे.

"एक लाख रुपये प्राप्त झाले," बॉक्स म्हणाला. बाजाराच्या गलक्यात ऐकू यावं म्हणून आम्ही आवाज पूर्ण ठेवतो.

इतर दिवशी कुणी मान वर केली नसती. पण अख्ख्या दुकानाचं लक्ष त्या बैलाच्या सौद्याकडं होतं. पेंड न्यायला आलेले एक मामा, ज्यांना कशावरही बोलल्याशिवाय राहवत नाही, पोत्यावर बसूनच म्हणाले, "आरं तिच्या! लाखात? आबा, बैल इकला का नुस्ती शिंगं?"

दोघं-तिघं हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी हातातला टॉवेल उगाच झटकून खांद्यावर टाकला आणि खाली बघितलं. चाचा मोबाईलच्या स्क्रीनकडं बघत राहिले, जणू त्यांनीच काही चुकीचं दाबलं होतं.

मुलाच्या हातात चार्जरची वायर तशीच होती. त्यानं बापाकडं बघितलं. मी त्याचा चेहरा समोरून बघत होते. आधी त्याला वाटलं की काहीतरी गडबड झालीय. मग कळलं की गडबड झालेली नाही. मग राग आला, तो कानापर्यंत दिसला. चार लाख म्हणजे त्याच्या कितीतरी महिन्यांच्या शिफ्टा. आणि तो बैल त्यानंही धुतला होता, चारला होता. तिथंच तो ओरडला असता, सौदा मोडा म्हणाला असता, तर अर्ध्या दुकानानं त्याची बाजू घेतली असती. बैलाच्या गळ्यात अजून आबांचाच कासरा होता.

तो मामांकडं वळला.

"मामा, लिमिट असती ओ. दिवसाला लाखच जात्यात मोबाईलवरनं. बाकीचं उद्या."

"हां, हां, लिमिट," मामा म्हणाले. पण त्यांचा विश्वास पुरता बसला नसावा, कारण त्यांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय का गं मॅडम? आसतंय तसं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "हो. एका दिवसात एक लाखाचीच मर्यादा असते."

यातला शब्द न् शब्द खरा होता. बँकेत जाऊन कुणीही विचारावं. तरी माझ्या तोंडून ते खरं कशासाठी निघालं हे मला माहीत होतं, मुलाला माहीत होतं, आबांनाही. मामा मात्र समाधानानं पेंडीच्या भावाकडं वळले.

मुलगा बाहेर गेला. आबा त्याच्या मागं. दोघं पिकअपच्या आडोशाला उभे राहिले. माझ्या काउंटरमागं जाळीची खिडकी आहे, तिथून ऐकू येत होतं. कान बंद करता येत नाहीत.

"मला सांगायचं तरी, आबा."

"सांगितलं आसतं तर तू इकू दिला आसता?"

"न्हाई."

"मग?"

मग मुलगा म्हणाला, "मी त्या मानसाला शब्द दिलाय. आता फोन केला तर काय सांगू?"

"पाय धरतो म्हनून सांग. खरं हाय ते."

"तो सगळीकडं करंल. ग्रुपवर टाकंल. लंगडा बैल इकाय काढला हुता म्हनून."

"टाकू दे. लंगडा बैल लपवून इकला, आसं तरी कुनी टाकनार न्हाई."

थोड्या वेळानं मुलगा दुकानात परत आला आणि कासरा मागितला. आमच्याकडं विकलेल्या जनावराबरोबर आपलं दावं देत नाहीत. ते घरी परत न्यायचं, आणि नवं घेणाऱ्यानं आणायचं. चाचा खिशात हात घालत पुढं आले. मुलगा म्हणाला, "राहू द्या चाचा, माझ्याकडनं." त्यानं सगळे कासरे ओढून बघितले. सुती मागितला, नायलॉन नको म्हणाला. त्यानं मानेला काचतं. जुना सोडताना त्यानं बैलाच्या कानामागं बराच वेळ खाजवलं. मोबाईल आत चार्जिंगलाच होता. नवा बांधून टोक त्यानंच चाचांच्या हातात दिलं.

पिकअप दौंडकडं निघाली तेव्हा तो मोबाईल घेऊन मागं बैलाजवळ बसला. म्हणाला, नव्या जागी पहिल्या दिवशी खात नाही तो, मी जरा थांबतो.

आबा एसटीची वाट बघत दुकानातच टेकले. मी चहा दिला. बशीत ओतून प्यायले, मग हळूच म्हणाले, "पोरी, ते लिमिटचं खरंच आसतं?"

"खरंच असतं आबा."

"म्हंजी पोरगं खोटं न्हाई बोललं."

"उद्या बाकीचे येतील म्हणाला, ते..."

आबा हसले. बाजारात आल्यापासून पहिल्यांदा. "आन् उद्या कुनी तुला इचारलं, आलं का म्हनून?"

"सांगेन, आले."

"नगं. तुला न्हाई जमायचं. तुज्या तोंडावर दिसतं. तू आपली म्हन, आबाला इचारा."

एसटी आली. त्यांनी जुना कासरा गुंडाळून काखेत धरला आणि चढले.

रात्री मी ते पान उघडलं. बैल नव्या गोठ्यात उभा असलेला एकच फोटो होता. आकडा नव्हता, हलगी नव्हती. खाली लोक एकसारखं विचारत होते, किती? किती? कुणालाच उत्तर दिलेलं नव्हतं. त्या दिवशी मी ते पान फॉलो केलं.

पुढच्या बाजारी मामा पेंडीला आले. पोत्यावर बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग मुद्द्यावर आले.

"काय मॅडम, त्या बैलाचं राह्यलेलं आलं का तीन लाख?"

"आबांना विचारा," मी म्हणाले.

मामांनी टोपी मागं सारून डोकं खाजवलं. "आबांना फोन केलता. ते म्हंत्यात, पोराला इचारा. पोराला केला, तर त्यो म्हंतोय, यवतला दुकानात इचारा. आता तू म्हंतीस आबांना इचारा. काय चाललंय काय तुमचं?"

"किती पोती देऊ, मामा?" मी विचारलं.